बाराव्या पत्र्यावरचा बैल

१

बारावा पत्रा नाहीसा झाल्याचं मला कळलं तेव्हा मी काबुली चणे निवडत होते. सेराफिना स्वयंपाकघरात आली आणि विचारल्याशिवाय खुर्चीत बसली. नवरा गेल्यापासून त्याचा छापखाना ही बाई एकटीनं चालवते. कुणाच्या घरी टेकायची तिला सवय नाही, म्हणून मी सूप बाजूला ठेवलं.

"कासिल्दा, तुझा भाऊ कुठाय?"

"अंगणात. लिंबाच्या झाडाशी भांडतोय."

"बोलाव त्याला. सार्जंटनं मार्तिनाला ठाण्यावर न्यायच्या आत बोलाव."

माझा धाकटा भाऊ मेलितोन हा गुरांचा डॉक्टर. उभा जन्म त्यानं आमच्या मोंतेआल्बाच्या रिंगणाच्या दारात काढला. झुंजीच्या सकाळी प्रत्येक बैल तपासायचा, डोळे, शिंगं, खूर, चाल, आणि मगच आत सोडायचा. माणसांपेक्षा बैल बरे, ते खोटं लंगडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे राहायला आला, आणि तेव्हापासून माझं लिंबाचं झाड आजारी आहे.

सेराफिनाचा नवरा आन्सेल्मो आयुष्यभर बैलच कोरत राहिला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईनं त्यातून चित्र काढायचं, तेजाबात बुडवायचं, मग शाई भरून ओल्या कागदावर दाबयंत्रातून छाप काढायची. आमच्या रिंगणाची अशी वीस चित्रं त्यानं केली. गावात असा गुत्ता नाही जिथे त्यातलं एखादं भिंतीवर नाही. येत्या रविवारी, जत्रेच्या पहिल्या दिवशी, बैलझुंज मंडळाच्या दालनात ती सगळी एकत्र मांडायची होती. त्यातलं बारावं चित्र म्हणजे गाब्रिएलचा मृत्यू.

ती गोष्ट आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ आहे. दहा वर्षांपूर्वी, जत्रेतच, गाब्रिएल हा आमचा मातादोर, बैलाशी समोरासमोर झुंजणारा, शिंगावर गेला आणि खाली पडला. अशा वेळी मदतनिसांनी गुलाबी कापड घेऊन मध्ये घुसायचं आणि बैलाला आपल्या अंगावर ओढून न्यायचं, ही रीत. जवळ दोघे होते, लासारो आणि निकासिओ. एक धावला. दुसरा कुंपणाला चिकटून उभाच राहिला. दोघांच्या अंगात सारखेच रुपेरी झगे, धूळ उडालेली, आणि सगळ्या गावाचे डोळे पडलेल्या पोरावर. कोण धावला हे शपथेवर सांगणारा एक मायेचा पूत निघाला नाही. लासारो म्हणाला, मी धावलो. निकासिओ काहीच बोलला नाही.

मग आन्सेल्मोची छाप आली. आन्सेल्मोची बसायची जागा ठरलेली होती, सावलीच्या बाजूला, घड्याळाच्या खाली. तिथून डाव्या हाताला बैल सोडायचा दरवाजा येतो आणि उजव्या हाताला दवाखान्याचं दार. त्या दिवशी निकासिओ दरवाजाच्या बाजूला होता आणि लासारो दवाखान्याच्या, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, त्या दोघांचंही नाही. चित्रात डावीकडचा माणूस कापड घेऊन धावतोय आणि उजवीकडचा कुंपणाला चिकटलाय. झालं. गावानं निकाल दिला. लासारो पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही, त्याला कुणी उतरू दिलंच नाही. तो आता दोरीच्या तळव्याच्या चपला शिवतो. निकासिओ मंडळाचा अध्यक्ष झाला.

आणि मार्तिना ही लासारोची मुलगी. तीच सेराफिनाकडे दाबयंत्र चालवते, छापखान्याची दुसरी किल्ली तिच्याचकडे असते.

"कुलूप तुटलेलं नाही," सेराफिना म्हणाली. "वीसपैकी नेमका तोच पत्रा गेलाय. सार्जंट म्हणतो, यात शोधायचंय काय? बापाची बेअब्रू पोरीनं पळवली."

मेलितोन हात पुसत दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सार्जंटला सांग, रविवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "ताई, चणे भिजत घाल. मला उशीर होईल."

"मी पण येतेय. चणे काय पळून जातायत?"

२

छापखान्यात शाईचा आणि जवसाच्या तेलाचा वास असतो, तो कपड्यांत बसला की जात नाही. मार्तिना दाबयंत्रापाशी उभी होती. रडलेली नव्हती, रागावलेली होती. मला ते आवडलं.

"डॉक्टर, मला चोरायचाच असता तर या सहा वर्षांत केव्हाही चोरला असता," ती म्हणाली. "जत्रेच्या तोंडावर कशाला, सगळ्या गावानं माझ्याकडे बोट दाखवावं म्हणून?"

"हे सार्जंटला सांगितलंस?"

"तो म्हणाला, चोर सगळे असंच म्हणतात."

पत्रे कपाटात उभे रचलेले होते, प्रत्येक तेलकट कागदात गुंडाळलेला. कागदावर आकडा नाही, नाव नाही. अकराव्या आणि तेराव्याच्या मध्ये बोटभर फट होती. मेलितोननं ते दोन्ही पत्रे उघडले आणि खिडकीपाशी नेले. तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं, फक्त दोन्हींच्या मधोमध एकेक काळपट डाग होता, अंगठ्याएवढा.

"हे काय?"

सेराफिनानं चष्मा लावला आणि तोंड वाकडं केलं. "घाम. उघड्या तांब्याला बोट लागलं की काळं पडतं. कुठल्या गाढवानं हात लावला?"

"मार्तिना," मेलितोन म्हणाला, "पोरी, तो दहावा जरा मला दे."

मार्तिनानं कोपऱ्यातून कागदाचे दोन दुमडलेले तुकडे घेतले, त्या चिमट्यात पत्र्याच्या कडा धरल्या आणि पत्रा समोर ठेवला. चोरीची भानगड डोक्यात घोंगावत असतानाही तिच्या हाताला दुसरं काही सुचलं नाही. मला तिथेच हसू आलं. धान्य पाखडणाऱ्या बाईला सूप कसं धरायचं हे कुणी विचारतं का?

"आणि बारावा काढायला तुला अकरावा आणि तेरावा उघडून बघावा लागेल?"

"डोळे मिटून काढीन. रोजचे आहेत."

"म्हणजे हा परक्याचा हात," मेलितोन म्हणाला. "पत्रा कसा धरायचा हे त्याला माहीत नाही आणि कुठला कुठे आहे तेही नाही. सेराफिना, या आठवड्यात इथे कोण कोण येऊन गेलं?"

"माद्रिदचा तो चित्रांचा व्यापारी, बाल्तासार. जत्रा झाली की तो सगळा संच तिकडे नेणार आहे. आणि निकासिओ, भिंतीवर खिळे कुठे ठोकायचे त्याचं माप घ्यायला. त्याला काय, दालन त्याचं. मी ठरवलंय की या वेळी नुसत्या छापा नाही लावायच्या, प्रत्येकीच्या शेजारी तिचा पत्रा टांगायचा. त्याला समजावं म्हणून पहिला पत्रा आणि पहिली छाप शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. बघतच राहिला बिचारा. मी कॉफी करून आणली तरी तसाच उभा होता."

"बाल्तासारला एकटं सोडलं होतंस?"

"व्यापाऱ्याला? माझं डोकं फिरलंय का?"

मेलितोननं मान हलवली आणि कपाटाखालचा खण उघडला. त्यात आन्सेल्मोची कागदावरची चित्रं होती. आन्सेल्मो आधी कागदावर काढायचा, मग ते चित्र पालथं करून तांब्यावर उतरवायचा. छाप उलटी येते ना, म्हणून चित्र आधीच उलटून घ्यायचं. कागद एकूण एकोणीस निघाले.

"बाराव्याचा कागद?"

"तो कधी नव्हताच," सेराफिना म्हणाली. "त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मेण दिलेला पत्राच मांडीवर घेऊन रिंगणात गेला. घरी आला आणि टोपीही न काढता कामाला लागला. कुणाशी न बोलता तेजाबात घातला. पुढे लोकांनी मंडळात बोलावून विचारलं, हे असंच झालं का? तर म्हणाला, जे पाहिलं तेच तांब्यावर कोरलं. एवढंच. पुन्हा त्या चित्राचं नाव काढलं नाही."

मेलितोननं तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ती म्हणाली. तो काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात शेजारच्या पाववाल्याची बायको दारात आली. तिला दम लागला होता.

"मार्तिना, तुझा बाप ठाण्यावर गेलाय. म्हणतोय, पत्रा मीच नेला."

३

लासारो ठाण्याच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. दहा वर्षांत माणूस निम्मा झालाय. एके काळी याच्या चालीवर आम्ही पोरी खिडकीतून जीव टाकायचो, हे आता कुणाला सांगितलं तर हसतील.

"बाबा, घरी चला," मार्तिना म्हणाली.

"तू गप. मोठी माणसं बोलतायत."

मेलितोन त्याच्या शेजारी बसला. "काय केलंस रे पत्र्याचं?"

"नदीत टाकला."

"नदीत सप्टेंबरात पाणी कुठाय? बकऱ्या चालत जातात."

"मग डोहात."

"बरं. पत्रा केवढा होता?"

लासारोनं हातांनी दाखवलं. ते माप जेवणाच्या टेबलाचं झालं असतं. मार्तिनानं तोंड फिरवलं.

"आणि त्यावर तू कुठे होतास? डावीकडे का उजवीकडे?"

"मला काय ठाऊक? मी ते चित्र कधी बघितलेलं नाही."

"दहा वर्षांत एकदाही?"

"ज्या गुत्त्यात ते आहे तिथे मी जात नाही. म्हणजे कुठेच जात नाही." त्यानं टोपी फिरवली. "डॉक्टर, माझं नाव असंही मातीत गेलंय. त्यात आणखी एक टोपली पडली तर काय बिघडलं? पोरीला सोडा म्हणावं. तिच्या हातात कला आहे, आन्सेल्मोची बाई छापखाना तिलाच देणार आहे. चोर म्हणून शिक्का बसला तर कोण देईल?"

"लासारो, तू खोटं लंगडतोयस," मेलितोन म्हणाला.

"लंगडतो तर लंगडतो. सार्जंटला पटलं की झालं."

सार्जंटला पटत होतंच. बाप किंवा मुलगी, दोघांपैकी कोणीही चालेल, असा त्याचा चेहरा होता. मेलितोननं त्याच्याकडून रविवार दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. एका जुन्या उपकाराची आठवण करून दिली, सार्जंटच्या घोड्याच्या पायाची. मग आम्ही बाहेर आलो.

"ताई, एक सांग. तुला एखाद्या चित्राची लाज वाटते. तू काय करशील?"

"फाडून चुलीत घालीन."

"मंडळाच्या भिंतीवर ते चित्र आहे. चार गुत्त्यांत आहे. एकालाही कुणी हात लावला नाही. ज्याच्यामुळे लासारोची अब्रू गेली ती छाप जागच्या जागी, आणि कपाटात पडलेलं तांबं गायब. चोराला छापेची भीती नाही. तांब्याची आहे. का?"

कोडी मला आवडत नाहीत. "तू मला विचारतोस का स्वतःला?"

"चल मंडळात. ते चित्र बघायला हवं."

"बघायला म्हणजे? तू पण बघितलं नाहीस?"

तो चालायचा थांबला. "त्या सकाळी तो बैल मीच तपासला होता, ताई. मीच आत सोडला. त्यानंतर मी मंडळाची किंवा गुत्त्याची पायरी चढलो नाही. कसं बघणार होतो?"

एकाच घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि आम्ही दोघे चढण चढलो.

४

मंडळात झेंडे लावायचं काम चाललं होतं. निकासिओ शिडीखाली उभा राहून सूचना देत होता. मेलितोनला बघून त्यानं दोन्ही हात पसरले.

"डॉक्टर, दहा वर्षांनी. अरे, यांना मान्सानिया वाइन द्या, ऑलिव्ह द्या. कासिल्दाबाई, तुम्ही बसा."

माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगायला हवं. गाब्रिएलच्या आईला शेवटपर्यंत यानंच सांभाळलं. कुणाच्या अडीनडीला पहिला धावतो तो निकासिओच. कधी कधी मला वाटायचं, हा जरा जास्तच धावतो.

माद्रिदचा बाल्तासार कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसला होता. "माझं कंबरडं मोडलं," तो म्हणाला. "एकोणीस पत्र्यांचा संच म्हणजे दात पडलेला घोडा. कोण घेणार?" त्याचं नुकसान खरं होतं. नुसत्या पत्र्याचं तो काय करणार, विकायला नेला तर सगळ्या जगाला कळलं असतं कुठून आला. मी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं.

"लासारोवर कठोर होऊ नका असं मी सार्जंटला सांगणार आहे," निकासिओ म्हणाला. "माणूस आहे. दहा वर्षं जळला असेल आतून. मंडळातर्फे मी तक्रार मागे घ्यायला लावतो."

"मोठं मन आहे तुझं," मेलितोन म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मी ते चित्र शंभर वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी त्याच्या खांद्यावरून नव्यानं पाहिलं. मधोमध वाळूत गाब्रिएल. त्याच्यावर बैल आडवा, तोंड आपल्या डाव्या हाताला, शिंगं खाली. आन्सेल्मोनं काही सोडलं नव्हतं. पाठीवरचं रक्त, शेपटीचा झटका, आपल्याकडच्या मांडीवर तापल्या लोखंडानं दिलेला कळपाचा डाग, बरगड्यांवर आकडा, इतका बारीक की वाचता येत नाही. डावीकडून, बैलाच्या तोंडासमोर, कापड पसरून धावत येणारा माणूस. उजवीकडे, बैलाच्या मागे, कुंपणाला पाठ लावून उभा असलेला दुसरा. चेहरे नाहीत, नुसते ठिपके.

मेलितोन चित्राला नाक लागेल इतका पुढे झाला. मला वाटलं, आता याला रडू येणार. आलं नाही. त्याचे खांदे ताठ झाले, बैल तपासताना व्हायचे तसे.

"हा बैल मी आत सोडलेला नाही," तो म्हणाला.

दालनात हशा पिकला. शिडीवरचा माणूस म्हणाला, "डॉक्टर, मग काय भिंतीवरून उडी मारून आला?"

"हा बैल मी काय, स्पेनमधल्या कुठल्याच डॉक्टरनं कधी पाहिलेला नाही. पण बघू. रविवारी सांगतो." त्यानं निकासिओकडे वळून विचारलं, "तुझं माप पुरं झालं का रे खिळ्यांचं? सेराफिनाला वीस पत्रे टांगायचेत."

"एकोणीस," निकासिओ म्हणाला. तो हसला नव्हता.

घरी जाताना मेलितोन न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि त्याचा भिंतीवरचा आरसा रविवारसाठी मागून घेतला. मी कारण विचारलं.

"ताई, आपल्या मामाच्या कुरणात वासरांना डाग देताना तू त्यांना धरायचीस. आठव जरा," एवढंच तो म्हणाला.

मी घरी येऊन चणे भिजत घातले, आणि पालक चिरताना माझा हात थांबला. मला आठवलं होतं.

५

रविवारी रिंगणाचे दरवाजे उघडायच्या आधी सगळं गाव मंडळात लोटलं होतं. भिंतीवर वीस छापा, एकोणीस पत्रे, आणि बाराव्या छापेशेजारी एक रिकामा खिळा. सार्जंट दारात होता. लासारो यायला तयार नव्हता, त्याला मार्तिनानं दंडाला धरून आणलं. तो सगळ्यांच्या मागे, चित्राकडे पाठ करून उभा राहिला.

मेलितोन आरसा घेऊन पुढे झाला.

"मी भाषण करणारा माणूस नाही," तो म्हणाला. "गुरं सांभाळणाऱ्यांनी पुढे या. झुंजीच्या वासराला डाग कुठल्या अंगाला देतात?"

"उजव्या," पाच-सहा जण एकदम म्हणाले. "मांडीवर कळपाचा, बरगडीवर आकडा. सगळं उजव्या अंगाला. हे काय विचारणं झालं?"

"कधी डाव्या?"

"कधीच नाही."

"मग या भिंतीवरच्या छापांमधले सगळे बैल बघा."

लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकले. ज्या ज्या बैलाचा डाग दिसत होता, तो उजव्या मांडीवर होता. मग ते बाराव्या छापेपाशी आले. तोंड डावीकडे करून उभा असलेला बैल आपल्याला त्याचं डावं अंग दाखवतो. डाग त्या अंगावर होता.

"दहा वर्षं आपण सगळे मरणाऱ्या पोराकडे बघत होतो," मेलितोन म्हणाला. "बैलाच्या मांडीकडे कोण बघणार? आन्सेल्मो एरवी चित्र कागदावर काढायचा, पालथं करून तांब्यावर न्यायचा, म्हणून छाप सुलटी यायची. त्या एका दिवशी तो पत्रा मांडीवर घेऊन बसला होता. जसं दिसलं तसं, न उलटता, थेट कोरत गेला. तुम्ही विचारलंत तेव्हा तो खरंच बोलला. जे पाहिलं ते त्यानं तांब्यावर कोरलं. कागदावर आलं ते त्याच्या उलट."

अरे बाबा आन्सेल्मो, मी मनात म्हटलं, एक वाक्य जास्त बोलला असतास तर तुझी जीभ झिजली असती का? पण त्याच्या लेखी ते गाब्रिएलचं चित्र होतं. त्यात लोक डावं-उजवं मोजत बसलेत हे त्याच्या गावीही नसणार.

मेलितोननं आरसा छापेसमोर धरला. आरशात बैलाचं तोंड उजवीकडे आलं आणि डाग त्याच्या उजव्या मांडीवर, जिथे असायला हवा तिथे. कापड घेऊन धावणारा माणूसही उजवीकडे आला, दवाखान्याच्या बाजूला. डावीकडे, बैल सोडायच्या दरवाजाच्या बाजूला, कुंपणाला चिकटलेला माणूस उभा होता.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. माना हळूहळू एकाच दिशेनं वळल्या.

"आता पत्र्याचं," मेलितोन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो थांबणार नाही हे ऐकणाऱ्याला कळत होतं. "लासारोला लाज छापेची होती, आणि छापेला कुणी बोट लावलं नाही. तांब्यात खरं काय आहे हे आन्सेल्मोनंतर एकाच माणसाला ठाऊक असू शकतं. जो स्वतः त्या कुंपणाशी उभा होता. एवढी वर्षं पत्रा कपाटात होता, त्याला घोर नव्हता. मग त्याला कळलं की पत्रे छापांशेजारी टांगणार. सेराफिनानं पहिली जोडी त्याच्यापुढे ठेवली, आणि तांब्यावर सगळं उलटं असतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. वीस तांब्यांच्या रांगेत एकोणीस बैलांचे डाग डाव्या अंगाला आणि एकाचा उजव्या. जत्रेत गुराखी येतात, त्यांना दुसरं काम काय? सेराफिना कॉफी करायला आत गेली तेवढ्यात त्यानं दोन चुकीचे पत्रे उघडले, तिसरा बरोबर लागला, तो कोटाखाली गेला. दोन्हींवर अंगठा उठलाय. निकासिओ, सार्जंटपुढे अंगठा टेकवायचा का, का तूच बोलतोस?"

निकासिओ खुर्चीवर बसला. मला वाटलं होतं तो उसळेल. तो उलट सैल झाला, जड टोपलं उतरवलेल्या हमालासारखा.

"पाय हललेच नाहीत," तो म्हणाला. "मी त्यांना सांगत होतो, हला. नाही हलले. नंतर तुम्ही सगळे मला खांद्यावर घेऊन नाचलात. मी एकदाही म्हणालो नाही की मी धावलो. कुणीतरी आठवून सांगा, म्हणालो का?"

"नाही म्हणालास," मेलितोन म्हणाला. "आणि लासारो धावला असंही म्हणाला नाहीस."

"पत्रा वितळवायला नेला होता. लोहाराच्या दारापर्यंत गेलो. त्यात गाब्रिएल आहे. नाही जमलं."

"मार्तिनाला धरून नेत होते, ते चाललं?"

तो उठला आणि सार्जंटला घेऊन घरी गेला. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. दोघे परत आले तेव्हा निकासिओच्या हातात त्याचा जुना रुपेरी झगा होता, आणि त्यात गुंडाळलेला पत्रा.

सेराफिनानं तो पुसला आणि रिकाम्या खिळ्यावर टांगला. तांब्यावर बैलाचं तोंड उजवीकडे होतं.

"बाबा, या," मार्तिना म्हणाली.

लासारो आला नाही. मग गर्दीच दुभंगली आणि त्याच्यासमोर वाट मोकळी झाली, तेव्हा त्याला यावं लागलं. तो पत्र्यासमोर उभा राहिला. त्यानं टोपी काढली. त्याला कुठे बघायचं ते कळेना, तेव्हा मेलितोननं उजवीकडच्या त्या छोट्या आकृतीकडे बोट केलं.

लासारो वाकून बघत राहिला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "गाव इतकं म्हणायचं, इतकं म्हणायचं की अलीकडे मलाच वाटायला लागलं होतं. की मी उभाच राहिलो. धावलो ते मी नंतर मनानं रचलं. रोज चपला शिवताना आठवून बघायचो, आणि रोज थोडं कमी आठवायचं."

त्याचा हात नकळत पुढे गेला. मार्तिनानं सवयीनं मनगट पकडलं.

"बाबा, कडेनं. घामानं काळं पडतं."

तो एकदम मागे सरला, चोरी पकडल्यासारखा. मार्तिना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याचं मनगट सोडलं.

"लावा, बाबा," ती म्हणाली.

त्यानं अंगठा त्या धावणाऱ्या माणसाशेजारी टेकवला आणि तसाच ठेवला. बाहेर रिंगणातली तुतारी वाजली तरी कुणी जागचं हललं नाही.

तो पत्रा पुढे बाल्तासारला काही मिळाला नाही. छापखाना आता मार्तिनाचा आहे, आणि पत्रा तिच्या दाबयंत्रासमोर भिंतीवर टांगलेला असतो. दर महिन्याला ती सगळं तांबं घासूनपुसून लख्ख करते. त्या एका ठिकाणचा काळा डाग तेवढा ती कधी पुसत नाही.